दोनदा टिचकी

स्क्रूनं घोळ घातला तो नेमका परीक्षेच्या दिवशी. लहानपणी तो रेडिओ उघडून पुन्हा जोडायचा तेव्हा हमखास एखादा स्क्रू उरायचा, म्हणून हे नाव. पुढे आत्याच्या टायपिंग क्लाससाठी त्यानं पायथनमध्ये परीक्षेचा प्रोग्रॅम लिहिला. वर उलटं चालणारं घड्याळ, खाली टाइप करायची जागा. वेळ संपली की जागा बंद आणि निकाल पडद्यावर. प्रोग्रॅममध्ये काही स्क्रू उरत नाहीत, एवढ्याच भरवशावर तो निर्धास्त होता.

शेजारच्या शिलाईवाल्या वहिनी परीक्षेला बसल्या आणि घड्याळ पिसाटलं. उतारा अर्ध्यावर असतानाच जागा बंद. नापास. पतपेढीतली नोकरी ह्याच निकालावर अडकलेली.

"हात मंदावला असेल," आत्या म्हणाली.

परीक्षक तसे भले. "मी जेवून येतो. तोवर दुरुस्त झालं तर पुन्हा घेऊ. नाहीतर निकाल हाच."

स्क्रूनं घड्याळ सुरू करायचं बटण दाबलं, तर घड्याळ शहाण्या बाळासारखं चाललं. सगळं बंद करून पुन्हा उघडलं, तरी तेच. चोर घरातच, पण हाती लागेल तर शपथ! माउस घामानं निसटत होता. बाहेर चप्पल वाजली की तो दाराकडे बघायचा.

"वहिनी, मघाशी केलंत अगदी तस्संच करून दाखवा बरं."

त्यांनी केलं. टिक-टिक. आकडे दोन-दोन पायऱ्या उतरत पळाले.

"दोनदा का दाबलंत?"

वहिनींनी आत्याकडे बोट दाखवलं. "बाईंनीच शिकवलंय. संगणकाला एकदा सांगून कळत नाही, दोनदा टिचकी मारायची."

स्क्रूनं कपाळाला हात लावला. दर सेकंदाला एक कमी कर, हा हुकूम दोनदा सुटला होता आणि दोन्ही हुकूम एकाच घड्याळाला ओरबाडत होते.

"आत्या, ह्यानं दोन्ही वेळा ऐकलं!"

"म्हणजे तुझ्यापेक्षा गुणी निघाला की."

नवा हुकूम सुटण्याआधी जुना रद्द करायचा, आणि घड्याळ चालू झालं की बटणच मुकं करायचं. काम इवलंसं, पण घाईत एक ओळ जागेवरून सरकली आणि प्रोग्रॅम उघडेचना. ती ओळ सापडली तेव्हा परीक्षकांचा ढेकर दारात ऐकू आला.

वहिनींनी सवयीनं दोनदाच दाबलं. स्क्रूनं डोळे मिटले. उघडले, तेव्हा आकडे एकेक करून, रांगेतल्या माणसांसारखे, पुढे सरकत होते. वहिनींची बोटं शिलाई मशीनच्या चालीनं धावत होती. शेवटची ओळ आणि शेवटचे सेकंद यांची शर्यत बघताना त्यानं स्वतःची नखं संपवली.

पास.

परीक्षकांनी सही केली. आत्यानं वहिनींची पाठ थोपटली. वहिनी मात्र स्क्रूकडे वळल्या.

"भाऊजी, मघाशी तुमच्या घड्याळानं खाल्लेला माझा निम्मा वेळ?"

"देतो की, वहिनी."

"कधी?"

स्क्रूनं घड्याळाकडे पाहिलं. तिथे शून्य होतं.