गाण्यातली मिल

आमच्या रॉक बँडचं पहिलं गाणं आम्ही बूढापारा मोहल्ल्यातल्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं. गिटारच्या मागे मी उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलचा खडखडाट ठेवला होता, मोबाइलवर टिपलेला. बाबांनी त्याच मिलमध्ये उभा जन्म काढला आणि कानही तिथंच गमावले. दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाला भैया खुशीत म्हणाला, "पूरा शोर साफ कर दिया." माझं डोकंच फिरलं. तो ज्याला कचरा समजला, तेच तर आमचं गाणं होतं! मी सगळा खडखडाट परत टाकायला लावला.

कॉलनीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ते गाणं लावलं, तर अध्यक्षकाका अर्ध्यातच उठले. "हे गाणं आहे का कारखाना? बंद कर ते!"

"काका, इथल्या अर्ध्या घरांच्या चुली याच आवाजावर पेटल्या," मी म्हणालो. "बंद नाही करत."

तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेले बाबा कानामागे हात धरून ओरडले, "पोट्ट्या, मले ऐकू नाही येऊन राहिलं. आवाज वाढव!"