वेढे मोजणारे चाचा

बारा वर्षं क्लासमध्ये शिकवल्यावर मला नवीन धंदा करायचा होता. आधी त्यातल्या माणसांना भेटून प्रश्न विचारा, असं कुणीतरी सुचवलं. सल्ला फुकट होता, म्हणून लगेच पटला. वही घेऊन मी पाटोद्यात, पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या एका चाचांकडे गेलो. ते तांब्याच्या तारेचे वेढे पुटपुटत मोजत होते.

"या क्षेत्राचं भवितव्य काय?" क्लास सोडल्याचं सांगून मी विचारलं.

त्यांचा आकडा चुकला. त्यांनी सगळी तार उलगडली आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. माझ्या वहीत असे चौदा प्रश्न होते. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी तार माझ्याच हातात दिली.

"आता तुमी मोजा, सर. मी इचारतो."

मी सात वेढे घातले.

"शिकवणं कावून सोडलं? पोरं येईनात का?"

माझा आकडा चुकला. चाचांनी तार उलगडायला घेतली.