बरोबरच्या खुणेखालचं टिंब

शाळेच्या जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथे फाटके नकाशे आणि तीन पायांची बाकं टाकायचे. आता तिथे दोन खुर्च्या, एक टेबल आणि दारावर पाटी आहे: ‘मार्गदर्शन’. पाटी थोरल्याने स्वतः रंगवून, स्वतःच्या हाताने फ्रेम करून दिलेली. अख्ख्या शाळेत एवढी देखणी पाटी दुसरी नाही. मोठ्या बाईंच्या दारावरची तर हिच्यापुढे आगपेटीवरचं चित्र वाटते.

त्या खोलीत बसते ती धाकटी. पोरांच्या बाई, पण घरी धाकटीच. थोरला तिचा भाऊ; त्याचं फ्रेमचं दुकान बाजाराच्या वळणावर आहे. काच कापावी, पट्टी कापावी, कोपरा असा जुळवावा की त्यात नख शिरू नये, ही त्याची कला. शिकला सातवीपर्यंत, पण अक्षर असं, की कचेरीतले कारकून त्याचा अर्ज पुढच्या माणसाला दाखवायचे आणि म्हणायचे, “हे बघा, असं लिहून आणा.” म्हणून वडील गेल्यापासून या घरात एक रिवाज पडला. फॉर्म कुणाचाही असो, भरायचा थोरल्याने. बाकीच्यांनी फक्त सही करायची.

धाकटीचा कॉलेजचा फॉर्मही त्यानेच भरला. ती तापाने फणफणली होती. “मुख्य विषय कोणता लिहू?” म्हणून त्याने विचारलं, तर पांघरुणातून आवाज आला, “लिही रे दादा काहीही.” त्याने यादी पाहिली. अर्थशास्त्र बुटकं वाटलं, भूगोल तर अगदीच किरकोळ. मानसशास्त्र हा शब्द मात्र लिहायला झोकदार. लिहिला. आणि ती पोरगी त्या विषयात कॉलेजात पहिली आली! “कुणी लिहिलं होतं?” असं थोरला आजही विचारतो, आणि त्याला उत्तर द्यायची कुणाची टाप नाही.

तर धाकटीचं काम असं. साठ प्रश्नांचा एक कागद. ‘चारचौघांत बोलायला आवडतं का?’ ‘काम अर्धवट राहिलं तर झोप लागते का?’ असले साधे प्रश्न. प्रत्येक प्रश्नापुढे हो किंवा नाही, तिथे बरोबरची खूण करायची. त्यावरून ती पोरांचे चार प्रकार पाडायची. पुस्तकात त्यांना लांबलचक नावं होती, ती तिने फेकून दिली आणि स्वतःची ठेवली: बोलके, घुमे, आखीव आणि भटके. बोलक्यांनी दुसऱ्याला शिकवत शिकायचं. घुम्यांनी एकटं बसून लिहून काढायचं. आखीवांनी भिंतीवर वेळापत्रक लावायचं. भटक्यांना तिने दर वीस मिनिटांनी विषय बदलायची मोकळीक दिली. एक नापासांचा राजा होता, त्याला तिने मैदानाला फेऱ्या मारत इतिहास पाठ करायला लावला. शिपाई वैतागला, पण पोरगा पास झाला. तेव्हापासून पालक जिन्यापर्यंत रांग लावायला लागले.

धाकटीची दोन वाक्यं ठरलेली. एक, “कागद घरी न्या, निवांत भरा, कुणाच्या घाईने भरू नका.” आणि दुसरं, “माणूस चुकेल, कागद चुकायचा नाही.”

यंदा तिच्या पुढ्यात आला तो थोरल्याच्या मुलीचा कागद.

ही पोरगी नववीत. घरात तिला मुंगी म्हणतात. सतत काहीतरी करत असते आणि आवाज म्हणून नाही. दुकानाच्या मागच्या बाकावर बसून काचेच्या तुकड्यांवर आकृत्या काढते, पुसते, परत काढते. पाहुणे आले की त्यांना ती घरात आहे हे निघताना चपला घालायच्या वेळी कळतं. आणि तिच्या कागदाचं उत्तर काय आलं? बोलकी, पंधरापैकी पंधरा. घुमी, शून्य.

धाकटीने पुन्हा मोजलं. पंधरापैकी पंधरा तर आजवर कुणालाच पडले नव्हते, शाळेच्या निवडणुकीत उभं राहून घसा बसवून घेतलेल्या पोरालाही नाही.

‘घरी गप्प असते म्हणून काय झालं,’ तिने मनाशी म्हटलं. ‘आतून वेगळीच असेल. आपणच ओळखलं नाही पोरीला.’ आणि तिला जरा वाईटही वाटलं, आत्या असून आपलं लक्ष नाही म्हणून. तिने मुंगीला बोलक्यांच्या गटात घातलं. वाचनालयात सहा जणींनी गोल करून बसायचं आणि आळीपाळीने शिकवायचं. पुढचे विषय निवडायचे होते, त्यातही सुचवलं: ‘व्यवहार आणि संभाषण’. मुंगी ऐकून घेऊन नुसती “बरं” म्हणाली.

तीन आठवड्यांत गणिताच्या चाचणीत वीसपैकी एकोणीसचे अकरा झाले. गटाच्या दिवशी पोट दुखायला लागलं. धाकटीने गटातल्या मुलींना विचारलं, “काय गं, बोलते ना ती?”

“मान हलवते, बाई,” एक म्हणाली. “छान हलवते. पण नुसतीच.”

मोठ्या बाईंनी तिला व्हरांड्यात गाठलं. “विषयांचे फॉर्म शुक्रवारी बारापर्यंत. एकदा माझी सही झाली की दोन वर्षं बदल नाही, माहीत आहे ना? तुमच्या पुतणीचं रेखाटन मी पाहिलंय. ती संभाषण घेणार?”

“कागद तसं म्हणतो,” धाकटी म्हणाली.

“कागद म्हणतो. आणि पोरगी काय म्हणते?”

धाकटीने एकशेबारा पोरांना साठ-साठ प्रश्न विचारले होते, पण पुतणीला हा एक विचारायचा राहिला होता.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती तडक दुकानात गेली. थोरला गिऱ्हाइकाला ऐकवत होता, “ही काच मी हिरकणीने, हिऱ्याच्या टोकाने कापलीय, साहेब. धारेवरून बोट फिरवा. नाही, नका फिरवू, पण फिरवलंत तरी काही होणार नाही.” गिऱ्हाईक हसत गेलं. मागच्या बाकावर मुंगी वाकून काहीतरी आखत होती.

“ये ये, बाईसाहेब!” थोरला म्हणाला. “बरी आलीस. हिचा विषयांचा फॉर्म आत्ताच भरायला घेणार होतो. ‘व्यवहार आणि संभाषण’. काय शब्द आहे! शाई नवीन भरलीय.”

धाकटी खुर्चीत बसली. समोरच्या भिंतीला कापलेल्या काचा उभ्या टेकवलेल्या होत्या. प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी: लांबी, रुंदी, गिऱ्हाइकाची खूण, आणि माप तपासलं म्हणून शेवटी बरोबरची खूण. खुणेचं शेपूट वर उडालेलं आणि तिच्या पोटाखाली एक ठसठशीत टिंब. थोरल्याचं ते टिंब लहानपणापासूनचं. त्याशिवाय खूण उघडी वाटते म्हणायचा.

धाकटीने पिशवीतून मुंगीचा कागद काढला. साठ प्रश्न. साठ खुणा. साठ टिंबं.

“दादा,” ती म्हणाली, “हा कागद कुणी भरला?”

“कुणी म्हणजे? या घरात फॉर्म कोण भरतं?” थोरला छाती फुगवून म्हणाला. “दीड तास बसलो होतो. एक खाडाखोड सापडली तर दाखव.”

“अरे, पण हा फॉर्म नव्हता! हा पोरीने भरायचा होता! तिला काय वाटतं ते!”

“मग तिच्याच वतीने भरला ना. बापाला पोरीचं माहीत नसणार तर कुणाला?”

“चौदावा प्रश्न वाच. ‘लोकांनी आपलं ऐकावं असं वाटतं का?’ तू ‘हो’ केलंयस.”

“कुणाला नाही वाटत?”

“बावीस. ‘अनोळखी माणसाशी पटकन गप्पा सुरू करतोस का?’ अरे, ही पोरगी शेजारणीकडे साखर मागायला जाते तेव्हा चिठ्ठी लिहून नेते!”

बाकावरून अगदी हळू हसल्यासारखा आवाज आला. दोघांनी वळून पाहिलं. मुंगीचे कान लाल झाले होते.

धाकटी उठून तिच्याजवळ गेली. “मुंगे, तू मला सांगितलं का नाहीस गं? तीन आठवडे पोट दुखवून घेतलंस.”

मुंगी बोटाने बाकावरची रेघ पुसत राहिली. मग म्हणाली, “बाबांनी इतकं छान भरलं होतं.”

“म्हणून?”

“आणि मला वाटलं, मी तशी व्हायला पाहिजे, म्हणून त्यांनी तसं भरलंय.”

आता थोरल्याची गोष्ट अशी की, तो गप्प बसल्याची या बाजारात नोंद नाही. वीज गेली तरी तो बोलतो, दाढ दुखत असली तरी बोलतो. पण त्या वेळी तो पेनाचं टोपण हातात घेऊन तसाच उभा राहिला.

“नाही गं,” तो म्हणाला. “तू अशीच बरी आहेस. मी लिहिताना तुझा विचारच केला नाही. प्रश्न वाचला की मला माझंच सुचत गेलं. आजवर मला असलं काही कुणी विचारलंच नव्हतं.”

धाकटीच्या मनात भावाला सुनवायचं बरंच होतं. ते सगळं तिने गिळलं. खरं तर तिची स्वतःची चूकही काही लहान नव्हती. कागद घरी न्या, निवांत भरा, हे सांगणारी तीच. आणि ज्या घरात थोरल्याच्या हाताखालून गेल्याशिवाय एक फॉर्म बाहेर पडत नाही, त्या घरात वाढूनही तिला हे सुचलं नव्हतं!

तिने पिशवीतून कोरा कागद काढला आणि मुंगीपुढे ठेवला. थोरल्याला म्हणाली, “तू बाहेर.”

“माझ्या दुकानातून?”

“तुझ्या दुकानातून.”

तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. पाच मिनिटांनी काचेतून डोकावला. दहा मिनिटांनी म्हणाला, “शाई सुकू देत जा पोरी, हात फिरवू नकोस.” धाकटीने पडदा ओढला. मग तो शेजारच्या कुलूपवाल्याला सांगायला लागला, की आत त्याच्या मुलीची परीक्षा चालली आहे आणि ती घेणारी त्याची बहीण आहे, म्हणजे दोन्हीकडून बुद्धी घरचीच.

पाऊण तास लागला. खुणा लहान, वाकड्या, एका ठिकाणी खोडून परत केलेल्या. उत्तर आलं: घुमी बारा, आखीव अकरा, बोलकी दोन. धाकटी नेहमीप्रमाणे सांगायला लागणार होती, ‘तू एकटीने, शांत जागी बसून’, पण तिला व्हरांड्यातल्या मोठ्या बाई आठवल्या.

“तूच सांग,” ती म्हणाली. “विषय कोणते? आणि अभ्यास कुठे करशील?”

मुंगीने विचार केला. “गणित आणि रेखाटन. आणि अभ्यास इथेच. या बाकावर.”

“इथे? एवढ्या गोंगाटात? आणि तुझ्या बाबांची बडबड?”

“बाबा बोलत असले की मला बरं वाटतं,” मुंगी म्हणाली. “फक्त मला उत्तर द्यायला लागू नये.”

साठ प्रश्नांत हे कुठेच बसत नव्हतं. घुम्यांना शांतता लागते, असं पुस्तकात छापलेलं. धाकटीने कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुंगीचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

विषयांचा फॉर्मही मुंगीनेच भरला. थोरल्याला आत घेतलं होतं, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायच्या अटीवर. ‘रेखाटन’मधला काना रेघेबाहेर गेला तेव्हा तो कळवळला, पण हात सोडले नाहीत. ही काय साधी गोष्ट आहे? तीस वर्षांची सवय आहे माणसाची! शेवटी पालकाच्या सहीची जागा आली, तेव्हा कुठे त्याला पेन मिळालं. सही अशी ठोकली, की मोठ्या बाईंनी शुक्रवारी अकरा वाजता फॉर्म हातात घेतल्यावर आधी तीच पाहिली. मग विषय वाचले, मान डोलावली आणि आपली सही केली, जरा लहानच.

त्या सोमवारी धाकटीने एकशेबारा पोरांना एकत्र बसवून विचारलं, “खरं सांगा, कुणी रागावणार नाही. कुणाकुणाचा कागद घरच्यांनी भरला?” आधी कुणी हलेना. मग एक हात वर आला, मग दुसरा. अकरा हात. मैदानाला फेऱ्या मारणाऱ्याने आपला नाही म्हणून दोन्ही हात खाली दाबून धरले होते. आता कागद वर्गातच, तिच्यासमोर भरतात, आणि साठ प्रश्नांखाली तिने एकसष्टावा टाकला आहे: ‘वर जे विचारलं नाही, ते सांग.’ माणूस चुकेल, कागद चुकायचा नाही, हे वाक्य तिने सोडून दिलं. म्हणते, दोघंही चुकतात, म्हणून दोघांना समोरासमोर बसवायचं.

अकरांपैकी चौघांचे विषय बदलले. मोठ्या बाईंनी त्यांचे फॉर्म परत काढून दिले. दोन वर्षं बदल नाही म्हणणाऱ्या बाई त्या! थोरला म्हणतो, अशी बहीण कुणाची असेल तर दाखवावी.

आणि तो पहिला कागद? साठ टिंबांचा? धाकटी तो फाडणार होती, थोरल्याने हिसकावून घेतला. “माझा आहे. पंधरापैकी पंधरा आहेत. मला शाळेत कधी कुठल्या विषयात पैकीच्या पैकी पडले नाहीत.” मग धाकटीनेच खाली नीट अक्षरात निकाल लिहून दिला: बोलका, पंधरापैकी पंधरा. लोकांना समजावून सांगण्याच्या कामास अत्यंत योग्य. खाली सही आणि शाळेचा शिक्का. त्याने त्याला दुकानातली सगळ्यात भारी पट्टी लावली, चारी कोपरे बिनफटीचे, आणि दारातून शिरल्या शिरल्या दिसेल असा टांगला.

आता गिऱ्हाईक आलं की आधी त्याला तो वाचावा लागतो. परवा एक म्हातारे गृहस्थ आरसा घ्यायला आले होते. थोरला त्यांना चौदाव्या प्रश्नापर्यंत घेऊन आला होता, तेवढ्यात मागच्या बाकावरून, मान वर न करता, मुंगी म्हणाली, “बाबा, आरशाचं माप अर्धा इंच जास्त घेतलंय तुम्ही.”

थोरल्याने मोजपट्टी लावून पाहिली. अर्धा इंच जास्तच होता. त्याने चिठ्ठीवरची खूण खोडली, नवं माप लिहिलं, आणि पेन घेऊन मागच्या बाकापाशी गेला.

“घे,” तो म्हणाला. “खूण तू कर.”

मुंगीने केली. लहानशी, वाकडी. पेन परत देता देता थांबली, आणि तिच्याखाली एक टिंब दिलं.