खळ्यावर बूट

त्या सकाळी मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. डॉक्टर म्हणतात, बीपी आहे. बीपी कसलं, तो गोल्फ क्लबचा सेक्रेटरी आहे, माझ्या डोक्यात मुक्कामाला आलेला.

नगरबाहेर माळावर एक जुनं गोल्फचं मैदान आहे, गोऱ्या साहेबाच्या काळातलं. आमच्यासारख्यांना तिकडं फिरकायचं काही कारण नव्हतं. माझं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान. दाजींच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या, हिवरे बाजारच्या अलीकडच्या गावात गाई. कारण काढलं त्यांच्या लेकीनं, माझ्या भाचीनं. ती पुण्याला शिकायला गेली आणि डिस्क गोल्फ खेळायला लागली. म्हणजे गोल्फच, पण काठी नाही, चेंडू नाही. ताटलीएवढी प्लॅस्टिकची चकती लांबून फेकायची आणि साखळ्या लटकवलेल्या लोखंडी टोपलीत पाडायची. राज्याच्या संघाची निवड दिवाळीनंतर होती, आणि पोरीला सरावाला मोकळी जागा पाहिजे होती.

गावात मोकळी जागा कुठली? कांद्यात चकती पडली की शेजारी खुरपं घेऊन बांधावर. देवळाली प्रवऱ्याला तिच्या मावशीकडं गेलो, तर पहिलीच चकती उसात शिरली. ऊस तुटला, गाळला गेला, चकती काही सापडली नाही. त्या हंगामातली साखर अंमळ लालसर निघाली, असं मावशी शपथेवर सांगते. दुसरी चकती घारीनं नेली. ती घार आता तिच्यातच अंडी घालते. मी स्वतः पाहिलंय.

शेवटी मी गोल्फ क्लबच्या सेक्रेटरीकडं गेलो. निवृत्त गृहस्थ, पांढरी टोपी, पांढरी पँट, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडं बघायची सवय, जणू आपल्या मागं कोणी जास्त महत्त्वाचा माणूस उभा आहे. मी दोनदा मागं वळून पाहिलं.

“ताटल्या फेकायच्या म्हणता,” ते म्हणाले. “ठीक आहे. एक रविवार खेळून दाखवा. मैदानाला धक्का लागला नाही तर पुढचं बघू. आमच्या झेंड्याला हात लावायचा नाही. टोपली ब्राऊनच्या मागं ठेवायची.”

ब्राऊन म्हणजे काय ते सांगतो. टीव्हीवर गोल्फच्या भोकाभोवती हिरवीगार मखमल दिसते. आमच्या जिल्ह्यात तेवढं पाणी गवताला घातलं तर लोक सेक्रेटरीलाच टँकरला बांधतील. म्हणून इथं भोकाभोवती तेल मिसळलेली वाळू चोपून मोठं गोल अंगण करतात. सपाट, गुळगुळीत. गोल्फवाले खेळून झालं की कडेला ठेवलेलं पोतं त्यावरून ओढतात आणि पावलांच्या खुणा पुसतात.

रविवारी आम्ही टेम्पोत टोपली घालून पोहोचलो. ती दाजींनीच बनवलेली. सायकलची रिंग आणि गाईंच्या जुन्या साखळ्या. क्लबची मंडळी बघायला जमली होती, हातात चहा, तोंडावर हसू. भाचीनं पहिली चकती सोडली आणि हसू तिथंच थांबलं. चकती अशी गेली की वाटलं आता अकोल्याच्या डोंगरापलीकडं जाऊन भंडारदऱ्यात पडते. पण वळली, खाली आली, आणि टोपलीच्या अलीकडं, बरोबर ब्राऊनच्या मधोमध टेकली.

दाजी आणायला निघाले. ब्राऊनच्या कडेला थांबले, चपला काढल्या, आणि अनवाणी आत गेले. मागोमाग मीही बूट काढले. भाचीनंही. कोणी कोणाला सांगितलं नाही. मळणीयंत्र दारात असूनही दाजी अजून दरवर्षी थोडं खळं करतात, शेणानं सारवतात, ज्वारीची पहिली कणसं तिथं बडवतात. त्या गोलात पायताण घालून कोणी गेलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही.

“ओ, ओ,” सेक्रेटरी तरातरा आले. “चपला कुठायत तुमच्या?”

“त्या काय, कडंला काढल्यात,” दाजी म्हणाले.

“का काढल्या?”

जेवायच्या आधी हात का धुता, असं कोणी विचारावं तसे दाजी बघत राहिले. “खळ्यावर पायतान घालून कोन जातं साहेब?”

“हे खळं नाही. ब्राऊन आहे.”

“असंल की. पर गोल हाय, सपाट हाय, कुनीतरी मन लावून चोपलंय.”

“आता शेण पण सारवा,” मागून कोणीतरी बोललं, आणि चहाचे कप हसायला लागले. माझं रक्त असं उकळलं की त्यावर सगळ्या क्लबाचा दुसरा चहा झाला असता.

“मैदानावर अनवाणी चालत नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “इथं शिस्त आहे.” आणि ही शिस्त सांगायला ते खिळ्यांचे बूट घालून ब्राऊनच्या मध्यापर्यंत आले होते. कोंबड्यांनी उकरल्यासारखी वाळू झाली. ते बोलत होते आणि दाजी पोतं ओढत त्यांच्या खुणा पुसत होते. “मुलीला खेळू द्यायला माझी हरकत नाही. पण बूट घालून, ब्राऊनवरसुद्धा. नाहीतर टोपली उचला.”

“मग उचला,” दाजी म्हणाले.

आता मला दाजींचाही राग आला. “दाजी, पोरीच्या निवडीचा प्रश्न आहे.”

“हाय ना पाव्हणं. म्हून काय पोरीनं खळं तुडवायचं?”

पोरगी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. मला वाटलं रडते आहे. उठली तेव्हा डोळे कोरडे होते आणि सेक्रेटरीच्या जागी मी असतो तर ते डोळे बघून मैदान तिच्या नावावर करून टाकलं असतं.

“काका, मी ब्राऊनवर गेलेच नाही तर?” तिनं सेक्रेटरींना विचारलं.

“म्हणजे?”

“चकती अलीकडून फेकेन, ब्राऊनवरून पलीकडं, टोपलीत. टोपलीकडं कडेनं वळसा घालून जाईन. ब्राऊनवर एक जरी पडली, तर त्या दिवशी टोपली उचलून घरी.”

सेक्रेटरींनी हसून मान डोलावली. त्यांना खात्री होती, पहिल्या फेकीला टेम्पो परत जाईल. पहिल्या रविवारी तसंच झालं. दुसऱ्यालाही. त्यांचे खेळाडू लांबून टाळ्या वाजवायचे आणि मी टेम्पोचं दार असं आपटायचो की नगरच्या किल्ल्यातले पारवे उडायचे. दाजी मात्र प्रत्येक वेळी चपला काढून कडेला तयार उभे. चकती पडली की अनवाणी पळत जाऊन आणायचे, तळव्यांना काळं तेल फासून. सेक्रेटरी जवळ असले तर त्यांची नजर चुकवून.

मग हळूहळू त्यांना पळावं लागेना. चकती ब्राऊनवरून जायची आणि साखळ्या खळाळायच्या, दावणीला गाय मान हलवते तशा.

दिवाळीनंतर पोरीची निवड झाली. क्लबनं सत्कार ठेवला. सेक्रेटरी भाषणात म्हणाले, ही मुलगी आमच्या मैदानानं घडवली. मी पुढच्या रांगेत पेढा चावत होतो, तो पेढा नाही, सेक्रेटरी आहे असं समजून.

मग फोटो. सेक्रेटरी खिळ्यांचे बूट घालून थेट ब्राऊनच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि बाकीची मंडळी त्यांच्याभोवती. भाची कडेच्या गवतावर, हात जोडून. तिला आत बोलावत होते, ती गेली नाही. मीही तिच्या शेजारी, फोटोत लालबुंद आलोय.

दाजी फोटोत नाहीत. ते पोतं आणायला गेले होते.