डोक्यावर चार असलेलं अक्षर

राहुकाळ लागायला जरासाच वेळ उरला होता आणि माझी सून ‘सावधान’मधला ‘धा’ काही सोडत नव्हती. अंतरपाटाच्या अलीकडे माझी नात, मुलीची मुलगी, पलीकडे पुण्याचा नवरा, दोघांच्या हातांत जड माळा. सून मांडीवर ताल धरून ‘धा’ ओढत होती. ती पाट्टू शिकवते, म्हणजे गाणं, त्यामुळे तिचा दम लवकर संपत नाही. राहुकाळात माळ पडली असती तर पुढे नातीला नुसती शिंक आली तरी माझ्या मुलीने त्या माळेलाच दोष दिला असता.

आम्ही तंजावरचे मराठी, पण आमचे भटजी तमिळ. मराठी मंगलाष्टकं घरच्या बायकाच म्हणतात. सुनेचा गळा गोड, म्हणून मान तिला. ती तमिळ घरातली, तिला बाळबोध लिपी येत नाही. मलाही येत नाही. मी पाचवीपर्यंत शिकले ती तमिळ शाळेत. आम्ही मराठी लिहितो ते तमिळ अक्षरांत. तमिळमध्ये त, थ, द, ध या सगळ्यांना एकच अक्षर, म्हणून त्याच्या डोक्यावर बारीक आकडा घालायचा. दोन असला तर थ, तीन तर द, चार तर ध. मंगलाष्टकं मी तशीच लिहून दिली. लहानपणापासून बघतेय, त्यात सांगायचं काय? तिनेही विचारलं नाही. गाणाऱ्या बाईला अक्षरावर चार दिसला की चार मात्रा.

पाहुणे ‘साव’ ऐकताच अक्षता उधळत होते. ‘धान’ येईपर्यंत मुठी रिकाम्या.

विहीणबाई माझ्या कानाशी आल्या. “तंजावरची चाल फारच संथ असते, नाही?”

“संथ नाही हो, चुकलीय,” मी म्हटलं.

भटजी मला घड्याळ दाखवत होते. मी सुनेमागे गेले आणि कडवं संपताच तिच्या दंडाला चिमटा काढला.

“आकडे मोजू नको. त्या मात्रा नव्हेत!”

“मग काय आहे ते, अत्तै?”

“अक्षर किती जोर लावून म्हणायचं ते. सरळ वाच!”

“सासूबाईंना हे आत्ता आठवलं!” असं म्हणून तिने उरलेली कडवी बस सुटत असल्यासारखी म्हणून टाकली. अंतरपाट सरकला, माळा पडल्या. भटजींनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. वेळेत.

जेवताना सून तोंड पाडून बसली होती. नातजावई जर्मनीत नोकरी करतो. तो म्हणाला, “मामी, तिकडे काही अक्षरांवर दोन टिंबं असतात. मी कितीतरी दिवस समजत होतो, छापताना शाई उडालीय.”

सून हसली आणि तिने पुन्हा भात वाढून घेतला.

विहीणबाईंनी ती चाल फोनवर भरून घेतली होती. पुण्याला त्यांच्या भाचीच्या लग्नात तशीच म्हणणार आहेत. मी चुकलीय म्हणून सांगितलं, त्यांना पटलं नाही.

अंतरपाट धरणाऱ्यांचे दंड दुसऱ्या दिवशीही दुखत होते. बाकी नात, नातजावई, सून आणि मी, सगळे धडधाकट आहोत.