रजेचं चौथं कारण

खरं सांगा, रजा मिळावी म्हणून तुम्ही आजवर कुणाकुणाला मारलंत?

लाजू नका. सकाळी चाकणच्या दिशेनं निघालेल्या कुठल्याही कंपनीच्या बसमध्ये चढा आणि विचारा. जवळजवळ प्रत्येकीच्या नावावर एखादा खून निघेल. कुणी चुलत सासऱ्याला मारलंय, कुणी गावाकडच्या आत्याला, आणि सुपरवायझर बदलला म्हणून कुणी तीच आत्या पुन्हा मारलीय. मी माझ्या आजीला पोचवलं होतं, तेव्हा ती संत तुकाराम नगरातल्या आमच्या घरी शेंगा सोलत बसली होती. आमच्या लाइनवर एकच बाई अशी होती, जिनं रजेसाठी कधी कुणाला मारलं नाही. तिला आम्ही सगळ्या अक्का म्हणायचो.

आमची कंपनी गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायची. दिव्यापासून हॉर्नपर्यंत गाडीच्या पोटातून जी वायर फिरते, ती आमच्या हातून जायची. पण आम्ही कंपनीच्या नव्हतो, ठेकेदाराच्या होतो. अक्का लातूरकडची, तळवड्याला भाड्याच्या खोलीत राहणारी. नवरा एका सोसायटीत वॉचमन. जुडीवर टेप गुंडाळणं हे तिचं काम. ते हातात इतकं मुरलेलं, की बसमध्ये बोलतानाही ती ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहायची. विषय जितका अवघड, तितकी गुंडाळी घट्ट. तिचं बोट पांढरं पडलं, की आम्ही समजायचो, आता काहीतरी होणार.

अक्कानं समुद्र पाहिलेला नव्हता. त्याची तिला लाज नव्हती, राग होता. "इतक्या गाड्यांच्या वायरी बांधल्या. त्या गाड्या कुठं कुठं जाऊन आल्या असतील. आन् आपण? मोशीच्या पुढं सिग्नल, सिग्नलच्या पुढं गेट," ती म्हणायची.

आणि मग नीलम लाइनवर आली. नीलम मालवणकडची, नुकतीच लग्न होऊन चिखलीत आलेली. तिचं माहेर खाडीतल्या एका लहानशा बेटावर. चारी बाजूंनी पाणी, नारळ, थोडी घरं, आणि गावात जायचं तर होडी. अक्कानं हे ऐकलं आणि जेवणाच्या सुट्टीत टेबलावर बेट मांडलं. ताट म्हणजे खाडी. त्यात वरण ओतलं. मधोमध भाताची मूद ठेवली आणि मिरचीचं देठ वरणात सोडून विचारलं, "होडी इकडून लागती का तिकडून?"

"हयसून," नीलमनं बोट ठेवलं. "माझी आवस म्हणता, सगळ्यांका घेवन ये. पण माशे खावचे लागतले."

"खाऊ की. मासे आपल्याला खायला लागले तर बघू," अक्का म्हणाली. त्या दिवशी तिनं ती मूद खाल्ली नाही. तसाच भात ताटात ठेवून बेल होईपर्यंत बघत बसली.

त्यानंतर दुपारचं जेवण म्हणजे बेटाचीच चर्चा. मे महिन्यात जायचं ठरलं. निगडीहून बस, मालवणपासून एसटी, मग होडी. हॉटेल नको, नीलमच्या आईच्या पडवीत झोपायचं. चादरी आपापल्या. कुणी लोणचं घ्यायचं, कुणी भाकरी, यावरून भांडणंसुद्धा झाली. सगळं ठरलं, फक्त रजा राहिली.

रजेचा कायदा कागदावर काय आहे तो असो. आमच्या लाइनवर सरांचा कायदा होता. सर म्हणजे आमचा सुपरवायझर. तो बोटांवर मोजून सांगायचा, "आजारपण, मयत, लग्न. चौथं कारण नाही." फिरायला जायचं म्हणून ठेकेदाराच्या बाईनं रजा मागावी, ही गोष्ट त्याच्या डोक्यात मावणारीच नव्हती. आम्ही राबावं, आजारी पडावं, मरावं, लग्न करावं. आनंदासाठी रकाना नव्हता.

म्हणून एका दुपारी आम्ही मरणांची वाटणी करायला बसलो.

"तू सासरा घे."

"सासरा दिवाळीत संपला गं. सरांनी टोपी काढली होती त्याच्यासाठी."

"मग मामा घे. मला लग्न दे, मी मेंदी काढून येते, म्हणजे पुरावा होतो."

आम्ही हसत होतो. अक्का हसत नव्हती. ओढणीचं टोक बोटावर चढत चाललं होतं.

"झालं का मारून?" तिनं विचारलं. "आता माझं ऐका. मागल्या पावसाळ्यात माझा बाप वारला. खरंच वारला. फोन आला तवा मी लाइनवर होते. सरांकडं गेले, म्हणलं, सर, वडील गेले, मला जाऊ द्या. सर हसला. म्हणला, कितव्यांदा?"

एकीनं डब्याचं झाकण लावलं.

"मला बापाचा फोटो मागवावा लागला. मेलेल्या बापाचा. मोबाइलवर दाखवला, तवा सही झाली. तवर तिकडं माती देऊन झाली होती." मग तिनं एकेकीकडे पाहिलं. "सर वाईट हाय, ते हायच. पण तो हसला तो माझ्या बापाला नाही हसला. तुमच्या सगळ्यांच्या सासऱ्यांना हसला. म्हणून सांगते, समुद्राला जायचं तर समुद्राला जायचं म्हणून जायचं. कुणाच्या मढ्यावर बसून मी होडीत चढणार नाही."

माझे वडील आयुष्यभर युनियनची पत्रकं लिहीत आले. मी पाढे शिकले ते पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. अक्काचं बोलणं ऐकून माझं रक्त तापलं, आणि मी घरी जाऊन एक जळजळीत पत्रक लिहिलं. शोषण, हक्क, एकजूट, सगळं होतं त्यात. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"लई चांगलं लिहिलंस," ती म्हणाली. "पण ह्यात समुद्र कुठाय?"

"अक्का, हा हक्काचा प्रश्न आहे!"

"हायच की. पण हक्क म्हणलं, की सर बाह्या सारून तयार होतो. त्याला सवय हाय त्याची. फिरायला जायचंय म्हणलं, की त्याला काय बोलावं ते सुचणार नाही. बघ तू."

आणि तिनं अर्ज लिहिला. कारण या शब्दापुढे मोठ्या, गोल अक्षरांत: 'बेटावर फिरायला जायचे आहे.'

सरांना खरंच सुचलं नाही. त्यांनी तो अर्ज दोनदा वाचला, मग मोबाइलवर त्याचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो अर्धी कंपनी फिरून आला. पॅकिंगची पोरं वाटेत अडवून विचारायची, "काय अक्का, गॉगल घेतला का?" ती म्हणायची, "घेतला. तुझ्या तोंडाकडं बघवत नाही म्हणून घेतला." पण तिचं बोट दिवसभर पांढरं होतं.

तिसऱ्या दिवशी एचआरच्या मॅडमनी बोलावलं. अक्का मला सोबत घेऊन गेली. एसी इतका होता, की आमच्या घामाचे डाग पाठीवर गार पडले. मॅडम चांगल्या बोलत होत्या. टेबलावर त्यांची आणि त्यांच्या मुलाची फ्रेम होती, मागं निळंशार पाणी.

"अक्का, फक्त 'घरगुती कारण' लिहा. मी आत्ता सही करते."

"घरी काहीच कारण नाही, मॅडम. घरी सगळं बरं हाय. म्हणून तर जायलाव."

"अहो, तुम्ही असं लिहिलंत तर उद्या सगळ्या लिहितील."

"लिहू द्या की." अक्कानं फ्रेमकडे बोट केलं. "हे कुठलं पाणी?"

"अंदमान."

"तवा कोण वारलं होतं?"

मला वाटलं, आता संपलं. पण मॅडम रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "माझं वेगळं आहे. मी कंपनीची आहे, तुम्ही ठेकेदाराच्या. तुमचं गेटचं कार्ड बंद करताना मला कुणी विचारत नाही. मला नंतर कळतं. समजतंय ना मी काय सांगतेय?"

"समजलं," अक्का म्हणाली. "खरं बोललात, बरं वाटलं." आणि अर्ज तसाच टेबलावर ठेवून उठली.

बाकीच्या आम्ही अर्ज दिले, पण माझ्या पत्रकातली एकजूट त्यांत नव्हती. दोघींनी लग्न लिहिलं. मी आणि आणखी एकीनं खरं लिहिलं. आणि नीलमनं, जिच्या माहेरी जायचं होतं त्या नीलमनं, लिहिलं, 'आई आजारी.' ती रडत अक्काकडे आली. नवरा काम सुटून घरी बसलेला, नोकरी गेली तर सासू घरात ठेवणार नाही, म्हणाली. मला तिचा संताप आला होता. अक्कानं तिचे डोळे ओढणीनं पुसले. "रडायलीस कशाला? आपण तिकडंच चाललोय. बघून येऊ, बरी झाली का ते."

लग्नवाल्यांना रजा मिळाली, नीलमला मिळाली. आम्हा तिघींचे अर्ज नामंजूर. निघायच्या दिवशी सरांनी लाइनसमोर उभं राहून सांगितलं, "उद्या जी न सांगता गैरहजर राहील, तिनं परत गेटवर यायचे कष्ट घेऊ नयेत."

अक्का टेप गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "न सांगता कशाला, सर? लिहून दिलंय की."

त्या संध्याकाळी मी निगडीच्या थांब्यावर लवकर जाऊन उभी राहिले. कोण येईल याची मला खात्री नव्हती. माझ्याबरोबर खरं लिहिणारी आली नाही. तिनं फोनही उचलला नाही. तिला दोष देणारी मी कोण? तिच्या घरात खाणारी तीन तोंडं होती. मेंदीवाली आली, दुसरी लग्नवाली आली, नीलम आली. बस आली, तरी अक्का नव्हती. कंडक्टर ओरडायला लागला. तेवढ्यात ती पुलाखालून पळत येताना दिसली, पाठीवर चादरीचं गाठोडं, मागं तिचा नवरा वॉचमनच्या गणवेशात पिशवी घेऊन. "हिला वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं," तो हाशहुश करत म्हणाला. "मीच म्हणलं, जा आता. एवढं तोंड वर करून लिहिलंयस तर जा!"

म्हणजे अक्काही घाबरली होती. मला त्या क्षणी ती जितकी आवडली, तितकी त्याआधी कधी आवडली नव्हती.

सकाळी होडीनं बेटावर उतरलो. नीलमची आई काठावरच उभी होती, काटक, ओला हात पदराला पुसत. अक्कानं पाय चिखलात ठेवायच्या आधी विचारलं, "तब्येत कशी हाय आता?"

"माका काय धाड भरली हा?" म्हातारी म्हणाली.

आम्ही होडीतच हसून वाकलो. नीलम हसली नाही. ती आईकडे बघत राहिली.

बेट नीलमनं सांगितलं तसंच होतं. समोर खाडी समुद्राला मिळते, ते पाणी सकाळी एका रंगाचं आणि दुपारी दुसऱ्याच. मला वाटलं होतं, अक्का धावत पाण्यात जाईल. तिनं पाणी बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि नारळीच्या सावलीत चादर अंथरून आडवी झाली. दुपारभर झोपली. शिफ्टची झोप नव्हे ती, घड्याळ कानाशी ठेवून घेतलेली. तोंड उघडं, हात पसरलेले, बोटं मोकळी. आम्ही कुजबुजत जेवलो. उठल्यावर ती दचकली, मग आजूबाजूला पाहून पुन्हा टेकली.

"कुणी उठवलंच नाही," ती म्हणाली. समुद्राबद्दल मी तिच्याकडून ऐकलेलं हे सगळ्यात मोठं भाषण.

परत आलो त्या सकाळी गेटवर माझ्या कार्डाला पिवळा दिवा लागला, म्हणजे आधी ऑफिसात भेटा. अक्काच्या कार्डाला लाल. तिनं पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा लाल. मागं रांग लागली होती, शिफ्टची बेल झाली होती, सिक्युरिटीवाला तिच्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा." मी ओरडायला लागले. पत्रकातले सगळे शब्द मला त्या गेटवर आठवले. अक्कानं माझा दंड धरला, आणि बोलली मात्र नीलमशी, जिच्या कार्डाला हिरवा दिवा लागला होता आणि जी पुढं जायला तयार नव्हती.

"जा आत. आन् ऐक, तुझी आई चांगली धडधाकट हाय. आता तिला पुन्हा आजारी पाडू नको."

एवढंच बोलून ती रस्ता ओलांडून गेली.

अक्का आता तळवड्यालाच एका लहान वर्कशॉपमध्ये पॅकिंग करते. पगार कमी आहे. ठेकेदारानं तिला परत घेतलं नाही, आणि मी हे गोड करून सांगणार नाही: तिच्यावर अन्याय झाला, आणि तो अजून तसाच आहे. मला ऑफिसात ताकीद देऊन आत घेतलं; नंतर मीही ती नोकरी सोडली. पण सोडण्याआधी मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. गणपतीच्या आधी नीलम अर्ज घेऊन सरांच्या टेबलापाशी गेली. कारणापुढे लिहिलं होतं: 'आई बरी आहे. तिला भेटायला जायचे आहे.'

लाइनवरचे हात थांबले. सरांनी अर्ज वाचला. बोटांवर कारणं मोजली नाहीत. बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले, आणि सही केली, एका दिवसाची. एका दिवसात मालवणला जाऊन येता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण चौथ्या कारणाखाली सही झाली होती. ती एका दिवसाची चिठ्ठी नीलमनं घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली, आणि दुसऱ्याच दिवशी मेंदीवालीनं अर्ज दिला: 'थकले आहे, झोपायचे आहे.'

म्हणून आता तुमच्याकडे मागणं आहे. पुढचा रजेचा अर्ज भराल, तेव्हा कारण या शब्दापाशी थांबा आणि खरं लिहा. एकटीनं लिहू नका, शेजारणीलाही लिहायला लावा. सगळ्यांनी लिहिलं असतं, तर अक्काच्या एकटीच्या कार्डाला लाल दिवा लागला नसता. आणि तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसत असाल, तर समोर बाप गेलेली बाई उभी राहील तेव्हा 'कितव्यांदा' विचारू नका, आणि समुद्र बघायला निघालेली उभी राहील तेव्हा हसू नका. सही करा.

तुमची आत्या जिवंत आहे. तिला जगू द्या.