गाळलेला आवाज

कानातल्या श्रवणयंत्रांच्या चिपसाठी प्रोग्राम लिहिण्यात आणि जुने दुरुस्त करत राहण्यात तिची बावीस वर्षं गेली. कंपनीत तिला सगळे 'कानवाली' म्हणत. गोंगाट गाळायची नवी पद्धत तिचीच: एकसुरी, सलग आवाज यंत्राचा, तो पुसायचा, चढउताराचा माणसाचा, तो ठेवायचा. चारशे माणसांच्या ध्वनिमुद्रणांवर चाचणी झाली. एक शब्द गळला नाही. सोमवारी हा प्रोग्राम हजारो कानांत जाणार होता.

त्याआधी तिने तो आईच्या यंत्रात भरला. बाबा फिरायला गेले होते. आई खूश. "पंखा बंद केलास का गं?"

चौथ्या दिवशी ती पुन्हा गेली, तर आईने तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"तुझ्या बाबांनी अबोला धरलाय. मशीन गळ्याला लावतात, पण बटण दाबत नाहीत. मुद्दाम!"

घशाच्या ऑपरेशनपासून बाबा गळ्याला छोटं मशीन टेकवून बोलत. त्याच्या एकसुरी घरघरीला ओठांनी शब्दांचा आकार देत. तेवढ्यात ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि आईला पाहताच त्यांनी ते टेकवलं.

"अगं, माझं काय चुकलं ते तरी सांग."

"बघ, पुन्हा तेच," आई म्हणाली.

कानवालीने बाबांच्या गळ्यावरच्या मशीनकडे पाहिलं. चारशे मुद्रणांत असा आवाज एकही नव्हता.

आईचं यंत्र चाचणीचं होतं; अशा यंत्रात गाळलेला शेवटच्या तासाचा आवाज साठून राहतो. तिने तो लॅपटॉपवर घेऊन ऐकला. पंख्याची घुरघुर, आणि तिच्यात बाबा. "ऐकतेस का?" मग बराच वेळ पंखा. "बरं, राहू दे."

तिने साहेबांना फोन लावून बाबांचं सगळं सांगितलं. "सोमवारचं थांबवा."

"एका माणसासाठी? कानवाली, तुझेच कान तपासून घे!"

"घेते. पण मंजुरीची सही करणार नाही."

साहेबांनी आठ दिवस दिले. तिने बाबांना तासन्‌तास बोलतं केलं आणि प्रोग्रामला शिकवलं, की घरघर शब्दांसारखी तुटत असेल तर तीही माणसाची.

"आता येतं ऐकू?" बाबांनी आईला विचारलं.

"येतं. ओरडू नका एवढं."

बाबा हसले. मशीनशिवाय त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता.

सही करायच्या आदल्या दुपारी बाबा झोपले होते, मशीन चार्जिंगला. पेपर वाचणारी आई एकदम म्हणाली, "हो, आले आले," आणि उठून तुटक घरघरणाऱ्या फ्रिजसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, बाबा झोपलेत."

"ठाऊक आहे. हे ते नव्हेत."

"मग कोण?"

"ते नाही सांगत," आई कान देत म्हणाली. "नाव मात्र माझंच घेतात."

सही पुन्हा राहिली.